डाव्या हाताची हमाली

सर,

तुम्हाला ‘गुरुजी’ म्हणायचं नाही, एवढं ठरवून लिहायला बसले आहे. सर म्हटलेलं तुम्हाला खपत नसे. ‘सर शाळेत असतात, इथं गुरुजी म्हणायचं,’ असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी, माझ्या वडिलांच्या देखत, पायातली चप्पल काढायच्या आत सुनावलं होतं. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मी काहीही म्हटलं तरी तुम्हाला काही करता येणार नाही. म्हणून आधी ते उरकून घेते. सर. सर. सर. बरं वाटलं.

लिहायचं कारण तुमचा मुलगा. ज्याच्या गाण्यामागे बसून मी माझं कॉलेजचं वय घालवलं, तोच. नांदेडचा तुमचा क्लास आता तो चालवतो, हे मला ऐकून माहीत होतं. मध्यंतरी त्याचा फोन आला. ‘ताई, बाबांची पुण्यतिथी हाय. यंदा तुमी यायलाच पायजे. तुमचा पियानो ठेवू, एकट्याचा.’ मी लगेच हो म्हटलं. नांदेडातून मला एकटीला वाजवायला आजवर कोणी बोलावलं नव्हतं, आणि तिथे वाजवायची माझी इच्छा मेलेली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. मग दोन-चार दिवसांनी मोबाइलवर पोस्टर आलं. तुमचा हार घातलेला मोठा फोटो. खाली ठळक अक्षरांत: ‘गुरुजींच्या पेटीचा बाज, आता पियानोवर’. त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव, पुढे ‘शिष्या’.

मी उलटा फोन लावला. म्हटलं, हे काय छापलंय? तो म्हणाला, ‘का? चूक हाय का काही?’ मी म्हटलं, माझी वाजवायची धाटणी ही त्यांची धाटणी नाही, हा बाज त्यांचा नाही. तो हसला. त्याचं हसणं अगदी तुमच्यासारखं आहे, नाकातून. ‘ताई, हात त्यायनंच शिकिवला की तुमचा. मंग बाज कोणाचा आसतो? आन् आता क्लासमधी पन हेच सुरू करून राहिलो आमी, बाबांच्या नावानं. तुमचं वाजवलेलं पोरं ऐकून बसवतेत. त्यायचं नाव राहील बगा.’ मी फोन ठेवला. तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. कणीक मळताना, पेपर तपासताना, रिक्षात. परवा वांग्याची भाजी खाली लागली. यजमान आत येऊन म्हणाले, ‘कोणाशी बोलून राहिलीस?’ मी म्हटलं, एका मेलेल्या माणसाशी. ते गॅस बंद करून बाहेर गेले.

हात तुम्ही शिकवला हे खरं आहे. कोणता, ते आता सांगते.

लोह्याच्या घरी आमची एक जुनी पेटी होती. वडील शाळामास्तर, भजनाला बसायचे. मी चालती-बोलती झाल्यापासून त्या पेटीवर कानावर पडेल ते वाजवायची. भाता मारता मारता मधेच डाव्या हाताचा अंगठा खालच्या सुरांवर टाकायची मला खोड होती. खर्जातला एखादा सूर घुमला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. वडिलांना वाटलं, पोरीला अंग आहे, नीट शिकवलं पाहिजे. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने नांदेड, मावशीकडे मुक्काम, आणि रविवारी संध्याकाळी परत. वजिराबादेत वह्या-पुस्तकांच्या दुकानावर तुमचं घर, आणि पुढच्या बाजूला क्लासची ती लांबट खोली. पहिल्या दिवशी मी वाजवलं, तुम्ही ऐकलं, आणि माझा डावा हात मनगटाला धरून उचललात. ‘हा कोण?’ उत्तर तुम्हीच दिलंत. ‘हा हमाल. हमालानं काय करायचं? भाता मारायचा, हवा द्यायची, गप राह्यचं. गानं उजव्याचं. हमालानं मालात तोंड घालायचं न्हाई.’ पोरं हसली. वडीलही हसले, तुमचं मन राखायला.

खोड जाईना तेव्हा तुम्ही खिशातला रुमाल काढून माझा डावा हात भात्याला बांधलात. एक-दोन दिवस नाही, चांगला पावसाळाभर. मी आले की पेटीपुढे बसायचं, हात पुढे करायचा, आणि तुमचा मुलगा, माझ्याहून थोडा मोठा, गाठ मारायचा. त्याची गाठ सैल असली की तुम्ही पुन्हा मारायला लावायचा. वडील एकदा लवकर आले न्यायला, दारातून त्यांनी ते पाहिलं. बसमध्ये मी वाट पाहत होते की ते काही बोलतील. सोनखेड आलं, गेलं. ते म्हणाले, ‘भूक लागली आसंल न तुला?’ आणि त्यांनी केळी घेतली.

तुमच्याकडे शिकणारी मुलगी मी एकटीच. पोरं आली की सरळ लांबट खोलीत रियाजाला बसत. मला आधी आत जावं लागे, स्वैपाकघरात, तुमच्या पत्नीच्या, काकूंच्या हाताखाली. ‘मुलीच्या जातीला दोन्ही यायला पायजे,’ हे तुमचं धोरण. काकू बिचाऱ्या हळूच म्हणत, ‘जाय पोरी, मी करते हे, तू वाजिव जाऊन.’ पण तुम्ही बाहेर बसून आतला भाकरी थापल्याचा आवाज ऐकत असायचा आणि कोणाच्या हातची थाप आहे तेही तुम्हाला कळायचं. तुमच्या कानाचा असाही उपयोग होत होता. लसूण सोलून, तांदूळ निवडून मी पेटीपाशी आले की तुम्ही नाक मुरडायचा. ‘पेटीला लसनाचा वास यायलाय.’ लसूण कोणी सोलायला लावला होता? हे तेव्हा विचारलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करायलासुद्धा मी त्या वयात घाबरत होते. आज विचारते. लसूण कोणी सोलायला लावला होता, सर?

तुम्हाला येत होतं. हे नाकारलं तर मी खोटी पडेन, आणि तुमच्यासाठी मी खोटी पडणार नाही. पेटीवर मींड निघत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येत नाही, पट्ट्या सुट्या असतात. पण तुम्ही भाता असा काही आवरून धरायचा की ऐकणाऱ्याला ती घसरण ऐकू आल्यासारखी वाटायची. आणि साथ कशी करायची ते तुमच्याइतकं कोणी जाणत नव्हतं. ‘गवयाच्या हाताकडं बगू नको, गळ्याकडं बघ. गळा आधी सांगतो.’ मी गळ्याकडे बघायला शिकले. गाणारा कुठे वळणार हे मला त्याच्या आधी कळायला लागलं, आणि कळूनही त्याच्या मागे अर्धा श्वास राहायचं, हे तुम्ही माझ्या अंगात मुरवलंत. कशासाठी, तर तुमचा मुलगा गवई होणार होता आणि त्याला साथीला हक्काचं माणूस हवं होतं. बाहेरचा पेटीवाला मधे पुढे जायचा, मुलगा बावचळायचा. मी जात नव्हते. उदगीर, परभणी, हिंगोली, जिथे तो गायला बसला तिथे मी त्याच्या डाव्या हाताला. कार्यक्रम झाला की लोक त्याच्या पाया पडत आणि मला विचारत, बाथरूम कुठे आहे.

एक वर्षी तुम्ही शब्द दिलात. वार्षिक कार्यक्रमात माझं एकटीचं वादन. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांसमोर, ‘यंदा हिला बसवू.’ मी भीमपलास तयार केला. बोटं दुखेपर्यंत घोटला. आई-वडील लोह्याहून आले. आईने तिची एकुलती एक रेशमी साडी नेसली होती आणि वडिलांच्या शर्टाला इस्त्रीची घडी होती. मी आत पेटी पुढ्यात घेऊन बसले तर तुम्ही आलात आणि म्हणालात, ‘टाइम न्हाई राहिला. साथीला बस.’ बस, इतकंच. मी जाऊन बसले. माझ्या उजवीकडे तुमचा मुलगा, आणि आमच्या दोघांच्या मधे, जरा मागे, तुम्ही तंबोरा घेऊन.

द्रुत लयीत त्याचा दम सरला. त्याने खोकला काढल्यासारखं केलं आणि पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. अशा वेळी साथीदाराने काय करायचं असतं? गवयाने जे म्हटलं तेच पुन्हा म्हणत जागा भरायची. मी भरली. मग तो अजून पाणीच पीत होता, तर मी त्या तुकड्याच्या पुढे गेले. थोडीच. माझं स्वतःचं, घरी घोटलेलं, त्या दिवशी वाजणारच नव्हतं असं. पुढच्या रांगेतून कोणीतरी ‘वाह’ म्हणालं. आणि तुम्ही तंबोरा एका हातात सांभाळून दुसरा हात पुढे केलात आणि माझ्या पेटीच्या खुंट्या आत ढकलल्या. त्या ओढलेल्या असल्या की हवा सुरांपर्यंत जाते, ढकलल्या की अडते. एकेक करून ढकलल्या तुम्ही, निवांत. पेटीला माइक होता, त्यामुळे प्रत्येक खुंटी आत गेल्याचा खट् आवाज सभागृहभर गेला. भाता फुगून घट्ट झाला. माझी बोटं चालूच होती. सूर नाही, नुसती पट्ट्यांची टकटक. मागच्या बाजूने कोणीतरी हसलं. मुलाने तांब्या ठेवला, आ केला, आणि तुम्ही खुंट्या परत ओढल्यात. मी शेवटपर्यंत साथ केली. चांगली केली.

नंतर तुम्ही एवढंच म्हणालात, ‘गवयाच्या पुढं जायचं नसतं. बेअदबी हाय ही.’ परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. वडील म्हणाले, ‘गुरू हायेत माय. भल्यासाठीच केलं आसंल.’ मला तेव्हा तुमच्याइतकाच वडिलांचाही राग आला होता. त्यांच्यावरचा पुढे निवळला. तुमच्यावरचा मी जपून ठेवला आहे, आणि तो जुना झाला असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर मी तुमच्या जिन्याची पायरी चढले नाही. शिक्षण पुरं केलं, लग्न झालं, लातूरला आले, औसा रोडच्या एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागले. पेटी वाजवायची ती प्रार्थनेला आणि पंधरा ऑगस्टला. त्या शाळेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक पियानो उभा होता. गावातले एक डॉक्टर मुलाकडे परदेशी राहायला गेले, जाताना शाळेला देऊन गेले. कोणाला वाजवता येत नसल्यामुळे त्यावर स्नेहसंमेलनाच्या ढाली ठेवलेल्या असत. एकदा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘तुम्ही पेटी वाजवता ना, मग हेही तेच की. पांढऱ्या-काळ्या पट्ट्याच आहेत.’ हैदराबादहून माणूस बोलावून सूर लावून घेतले आणि मला स्टुलावर बसवलं.

जन्मात पहिल्यांदा मी मांडी न घालता वाजवायला बसले होते. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, पहिला सूर दिला, आणि माझा डावा हात आपोआप वर उठून हवेत मागे-पुढे व्हायला लागला. भाता नाही, काही नाही, नुसती हवा. सातवीचा वर्ग समोर बसला होता. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, माश्या हाकून राहिल्या का?’ सगळा वर्ग लोळायचा बाकी राहिला. मीही हसले. हात मांडीवर ठेवला तर तो पुन्हा उठला. शेवटी त्यावर बसले. खरंच, उजव्याने प्रार्थना वाजवली आणि डावा मांडीखाली दाबून धरला. दुसऱ्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना माझी नक्कल करून दाखवत होती.

त्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडला. हा हात आता रिकामा आहे, तर याचं करायचं काय? शाळा सुटली की मी हॉलमध्ये थांबू लागले. आधी डाव्याला तंबोऱ्याचं काम दिलं, सा आणि प. ते कंटाळवाणं वाजे. शिवाय पियानोचा सूर मरतो. पेटीचा सूर हवा आहे तोवर जगतो, आणि तुम्ही तर शिकवलं होतं की सूर मरू द्यायचा नाही. म्हणून मी घाबरून पुन्हा पुन्हा तोच सूर ठोकत बसायची. कितीतरी महिने माझं वाजवणं म्हणजे पत्र्यावर गारा. मग हळूहळू धीर आला. सूर मरतो तर मरू दे, मरेपर्यंत ऐकायचं, मग दुसरा. आणि एका दुपारी मी भीमपलासाची ती जुनी बंदिश उजव्याने सुरू केली, मनासारखी होईना, म्हणून सहज, चिडून, तीच खाली खर्जात डाव्याने वाजवली.

डावा हात गायला लागला, सर. अडखळत, जाड आवाजात. त्याला कोणी काही शिकवलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याला काय करायचं नाही हेही माहीत नव्हतं. आणि उजवा हात, तुमचा तयार केलेला, भरजरी उजवा हात, त्याच्या मागे मागे, अर्धा श्वास मागे, साथ करत होता. मला इतका आनंद झाला की मी उठून हॉलची दारं लावून घेतली. कोणी आत येऊन काही म्हणेल असं वाटलं. मग पुन्हा बसले आणि अंधार पडेपर्यंत वाजवलं. गाणं डाव्याचं, साथ उजव्याची. माझं जे काही आहे ते एवढंच आहे, आणि ते मी तिथे, त्या ढालींच्या शेजारी, एकटीने मिळवलं.

आणि मग तुम्ही लातूरला आलात. संगीताच्या परीक्षांना परीक्षक म्हणून, आमच्याच शाळेत केंद्र होतं. तुम्ही थकला होता, जिना चढताना माझा खांदा धरलात. मी मूर्ख. मला वाटलं, दाखवावं. परीक्षा आटोपल्यावर तुम्हाला हॉलमध्ये नेलं, खुर्ची दिली, वाजवलं. तुम्ही मधेच थांबवलंत. ‘उलटं काय करायलीस हे?’ मी म्हटलं, गाणं डावीकडे ठेवलंय. ‘हमालाला गादीवर बसिवलंस व्हय? ह्याला मींड न्हाई, श्वास न्हाई, निस्तं लोखंड.’ मींड पेटीवर तरी कुठे असते, सर? तुमच्या तरुणपणी सारंगीवाले तुमच्या पेटीला लाकडी खोकं म्हणायचे, हे तुम्हीच आम्हाला किती वेळा सांगितलंत, डोळ्यांत पाणी आणून. ते बोलणं तुम्हाला इतकं लागलं होतं, आणि तेच उचलून तुम्ही मला मारलंत.

तिथेही थांबला नाहीत. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत, चहा घेताना, मी बशा उचलत असताना तुम्ही म्हणालात, ‘हात बिघडलाय हिचा. पोरांच्या कानावर हे पडू देऊ नका. प्रार्थनेपुरतं ठेवा.’ बाई साध्या. तुमच्या शालीकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पियानोच्या झाकणाला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये. सकाळी प्रार्थनेला उघडायचं, उजव्या हाताने प्रार्थना वाजवायची, कुलूप. त्या निवृत्त होईपर्यंत असं चाललं. मी टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं चालवायची, स्टाफरूममध्ये लोकांना वाटायचं मला काही आजार आहे.

मधे तुम्ही गेलात. स्टाफरूममध्ये पेपरात वाचलं. मी पेपर घडी करून ठेवला आणि डबा खाल्ला. सगळा खाल्ला, भूक लागली होती. नवीन मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी न मागता किल्ली माझ्या हातात दिली. पुढचं फार सांगण्यासारखं नाही. एका जुन्या विद्यार्थिनीने माझं वाजवणं मोबाइलवर घेतलं, ते इकडे-तिकडे गेलं, बोलावणी यायला लागली. लोक विचारत, असं उलटं वाजवायला कुठे शिकलात? मी म्हणायची, शाळेत. हे तुमच्या मुलाच्या कानावर गेलं असणार. त्याशिवाय त्याला माझी आठवण होण्याचं कारण नव्हतं.

गेल्या रविवारी नांदेडला जाऊन आले. लातूरहून सकाळची बस, अहमदपूर, लोहा. लोह्याला गाडी थांबली तरी मी खाली उतरले नाही, कोणाशी बोलले तर धीर जाईल असं वाटलं. पोस्टर सभागृहाच्या दारावरच लावलेलं. आत भाड्याने आणलेला विजेचा पियानो. तुमच्या मुलाने केस काळे केले आहेत, पोट सुटलंय. मला म्हणाला, ‘ताई, आदी दोन शब्द बोला गुरुऋणावर, मंग वाजवा.’ आणि निवेदन करताना त्याने सांगूनच टाकलं की बाबांनी आयुष्यभर जो बाज घडवला तो आता त्यांची शिष्या पियानोवर सादर करील, आणि येत्या जूनपासून तो आपल्या क्लासमध्ये बाबांच्या नावाने शिकवला जाईल. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत खुर्चीत काकू होत्या. एवढ्याशा झाल्यात.

मी माइक घेतला. स्टुलावर बसल्या बसल्याच बोलले. ‘आत्ता जे सांगितलं ते खरं नाही. माझा उजवा हात त्यांनी शिकवला, फार चांगला शिकवला. डावा हात त्यांनी बांधून ठेवला होता. मी भर कार्यक्रमात चार सूर माझे वाजवले तर पेटी बंद केली. पियानोवर हे वाजवलं तर त्यांच्या सांगण्यावरून पियानोला कुलूप लागलं. आज तुम्ही जे ऐकणार आहात त्यात गाणं डावा हात म्हणणार आहे. ते त्यांचं नाही. ते माझं आहे. ते त्यांच्या नावाने कोणी शिकवू नये.’

एक गृहस्थ उठून ‘हे बोलायची जागा हाय का?’ म्हणत निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही. बाकीचे बसून राहिले, काही तमाशा बघायला, काही ऐकायला. मी भीमपलास वाजवला. डावा गायला, पूर्वीसारखा अडखळत नाही आता, पण आवाज जाडच आहे त्याचा. आणि उजव्याने अशी साथ केली की मधे एकदा मीच कान देऊन ऐकलं. डावा कुठे वळणार ते त्याला आधी कळत होतं आणि तरी तो मागे राहत होता. ते मला फार आवडलं. आवडलं, हे लिहिताना राग येतो आहे, पण आवडलं.

नंतर आत तुमचा मुलगा माझ्यावर धावूनच आला. ‘मेलेल्या मानसाला स्टेजवर उघडं पाडलंत, ताई. त्यायच्याच पुण्यतिथीला.’ मी म्हटलं, छापायच्या आधी विचारलं असतंस तर स्टेजवर बोलायची वेळ आली नसती. तो म्हणाला, ‘न्हाई शिकिवत, जा. तुमचं नाव पन न्हाई घेनार क्लासमधी. आन् नांदेडात तुमाला कोन बोलावतंय तेबी बगतो.’ मी म्हटलं, चालेल. खरंच चालतं मला. एवढंच हवं होतं.

निघताना काकूंच्या पाया पडले. त्यांनी माझा हात हातात घेतला, डावा का उजवा बघितलंही नाही. ‘बोललीस ते खरं हाय पोरी. मी होते न घरात, समदं बघितलंय.’ मग अगदी साधेपणाने विचारलं, ‘पन ते हितं बसले आसते तर बोलली आसतीस का गं?’ मी म्हटलं, ‘हाव, काकू. बोलले असते.’ त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, जेवून जाय. मी बसचं कारण सांगून निघाले.

हे पत्र काकूंना वाचून दाखवावं असं मधे वाटलं होतं. दाखवणार नाही. इतर कोणालाही नाही, कारण काकूंना मी जे सांगितलं ते अर्धंच होतं. बोलले असते, ते खरं. तुम्ही समोर बसला असता तरी माइक घेतला असता आणि हेच सगळं बोलले असते. पण वाजवून झाल्यावर मी लोकांकडे बघितलं नसतं, तुमच्याकडे बघितलं असतं. आणि तुम्ही नाकातून न हसता, नुसतं ‘बरं वाजिवलंस’ म्हणाला असता, तर मी तिथल्या तिथे माइक पुन्हा हातात घेऊन सांगितलं असतं की हे सगळं तुमचंच आहे, गुरुजी.